‘निर्धोक’ ह्या शेऱ्याचा इतिहास : ॲक्टिव्हएक्स घटक आणि ब्राउझर

काही विशेषणे अशी असतात की, त्यांचा अर्थ पुरा होण्यास दुसऱ्या एखाद्या पदाची अपेक्षा असते. ‘योग्य’ म्हटले की कशास, ‘जवळ’ म्हटले की कोणाच्या, हा प्रश्न उरतोच. इंग्रजीतील ‘सेफ’ हे विशेषण ह्याच जातीचे आहे. मराठीत त्याचे काम निदान दोन शब्दांत वाटले गेले आहे. ज्याला बाहेरून अपाय पोहोचत नाही ते ‘सुरक्षित’, आणि ज्याच्यापासून इतरांस अपाय पोहोचत नाही ते ‘निर्धोक’. पिंजऱ्यातील वाघ सुरक्षित असतो. तो निर्धोक असतो असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द चालतो व संदर्भावरून काम भागते. परंतु १९९६ नंतरच्या काळात हा शब्द असंख्य संगणकांवर संदर्भावाचून, एक नुसता शेरा म्हणून नोंदला गेला, आणि त्या शेऱ्यावर विसंबून ब्राउझरने परक्या माणसांच्या आज्ञा पाळल्या. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ह्या ब्राउझरमधून चालणाऱ्या ॲक्टिव्हएक्स घटकांच्या दोषांचा इतिहास हा पुष्कळ अंशी ह्या एका शेऱ्याचा इतिहास आहे.

ज्यांना येथे घटक म्हटले आहे ते ब्राउझरसाठी जन्मास आले नव्हते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एका आज्ञावलीत तयार केलेला तक्ता दुसऱ्या आज्ञावलीत लिहिलेल्या पत्रात बसवता यावा, ही कार्यालयांची साधी गरज होती. ती भागवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९० च्या सुमारास ओएलई नावाची योजना काढली. १९९३ साली तिला कॉम ह्या नावाचा व्यापक पाया मिळाला. त्याचा नियम असा की, प्रत्येक घटकास १२८ बिटांचा एक स्वतंत्र क्रमांक असावा, तो क्रमांक संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीत, लिहिलेला असावा, आणि कोणत्याही आज्ञावलीने तो क्रमांक उच्चारताच घटकाने हजर होऊन सांगितलेले काम करावे. पुढे दिनदर्शिका, आलेख, बटणे असे तयार घटक विकले जाऊ लागले व व्हिज्युअल बेसिकमध्ये काम करणाऱ्यांस ते फार उपयोगी पडले. हे सारे जग एका मेजावरचे होते. आज्ञावली विकत आणणारा, ती संगणकावर बसवणारा आणि वापरणारा बहुधा एकच असे. घरातल्या माणसांत परवलीचा शब्द विचारण्याची रीत नसते. त्याप्रमाणे हाक मारणारा कोण, हे विचारण्याची सोय ह्या घटकांत नव्हती, आणि तिची उणीवही कोणास भासली नाही.

जागतिक जाळ्यावरील पान मुळात वाचावयाची वस्तू होती. १९९५ साली सन कंपनीची जावा ही भाषा पुढे आली, नेटस्केपने ती आपल्या ब्राउझरमध्ये घेतली, आणि पानाबरोबर चालती आज्ञावलीही येऊ शकते हे लोकांस दिसले. मायक्रोसॉफ्ट ह्या बाबतीत मागे पडली होती. ७ डिसेंबर १९९५ रोजी तिने आपले सारे धोरण इंटरनेटकडे वळवल्याचे जाहीर केले. नवे काही घडवण्यास अवधी नव्हता. हाताशी जुने घटक होते. त्यांच्यावरील काही अटी सैल करून त्यांस हलके केले गेले, १९९६ च्या मार्चमध्ये त्यांस ‘ॲक्टिव्हएक्स’ हे नाव मिळाले, आणि १३ ऑगस्ट १९९६ रोजी बाहेर पडलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत ते ब्राउझरच्या पानावर येऊन बसले. नाव नवे होते, वस्तू बहुतांशी जुनी. घरातल्या घरात वावरणाऱ्या चाकरांना रस्त्यावरच्या हाकेस ओ देण्यास सांगितले गेले, एवढाच काय तो फरक. परंतु पुढचे सारे ह्या फरकातून निघाले.

जावाच्या कर्त्यांनी आपल्या परक्या आज्ञावलीभोवती कुंपण घातले होते. तिने कुंपणाच्या आत काय हवे ते करावे. संगणकावरील कागदपत्रांस हात लावू नये. त्या कुंपणासही पुढे भोके पडली, ती कथा निराळी. ॲक्टिव्हएक्सला कुंपण नव्हतेच. तो घटक यंत्राच्या मूळ भाषेत लिहिलेला असे, व संगणकापुढे बसलेल्या माणसास जे जे करता येई ते ते सर्व त्यास करता येई. कुंपणाच्या जागी सहीची योजना होती. ऑथेंटिकोड ह्या पद्धतीनुसार घटकाचा कर्ता त्यावर गणिती सही करी, व्हेरिसाइनसारखी संस्था त्या सहीमागील नावाची ग्वाही देई, आणि घटक उतरवून घेण्यापूर्वी ब्राउझर ते नाव दाखवून वापरणाऱ्यास विचारी की, हा घेऊ का?

ह्या सहीचे सामर्थ्य व मर्यादा मराठी वाचकास समजावयास कठीण नाहीत. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब होई. त्यावरून पत्र कोणाचे आणि त्यात मागाहून कोणी भर घातली नाही, इतके कळे. पत्रातील हुकूम शहाणपणाचा आहे की नाही, हे मोर्तब सांगत नसे. फ्रेड मॅकलेन ह्या अमेरिकन प्रोग्रामरने १९९६ सालीच हे दाखवून दिले. त्याने ‘एक्स्प्लोडर’ नावाचा घटक केला. पान उघडले की हा घटक विंडोज ९५ रीतसर बंद करी, आणि यंत्रात तशी सोय असल्यास वीजही तोडी. त्यावर मॅकलेनची व्हेरिसाइनने ग्वाही दिलेली खरी सही होती. ब्राउझरने कर्त्याचे नाव अगदी बरोबर सांगितले व संगणक बंद पडला. अपायकारक आज्ञावली वाटणार नाही, ह्या त्याने दिलेल्या वचनाचा भंग झाला म्हणून व्हेरिसाइनने ते प्रमाणपत्र रद्द केले. १९९७ च्या आरंभी जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी दाखवलेला प्रयोग अधिक गंभीर होता. त्यांचा घटक संगणकावर क्विकन ही हिशेबाची आज्ञावली आहे काय हे पाही, आणि असल्यास तिच्या थकलेल्या कामांत पैसे पाठवण्याची एक आज्ञा हळूच घाली. पुढे वापरणारा आपण होऊन बँकेशी व्यवहार करी तेव्हा त्याच्या आज्ञांबरोबर तीही जाई.

हे दोन्ही प्रयोग गाजले, आणि वाद सहीभोवती फिरत राहिला. अनोळखी माणसाचा घटक घेऊ नये, हा उपदेश त्यातून निघाला. उपदेश रास्तच होता. परंतु त्यामुळे खरी अडचण काही काळ नजरेआड राहिली. सहीचा प्रश्न घटक उतरवून घेताना उद्भवतो. जे घटक संगणकावर आधीच आहेत, विंडोजबरोबर आले आहेत, विक्रेत्याने यंत्र विकतानाच बसवून दिले आहेत, त्यांच्याविषयी कोणीच काही विचारत नव्हते. पानात त्यांचा क्रमांक लिहिला की ते हजर होत, आणि पानातील स्क्रिप्ट त्यांस काम सांगू शके. स्क्रिप्ट कोणाची? ज्याचे पान त्याची; म्हणजे कोणाचीही. घटकाचा कर्ता नामांकित, घटक अस्सल, हेतू चांगला. फक्त त्यास राबवणारा परका. येथे अडसर एकच होता, आणि तो म्हणजे पूर्वी सांगितलेला शेरा: ‘सेफ फॉर स्क्रिप्टिंग’.

हा शेरा देण्याच्या दोन रीती होत्या. एक, रजिस्ट्रीत घटकाच्या क्रमांकाखाली तशी नोंद करावयाची. दुसरी, घटकातच अशी तरतूद ठेवावयाची की ब्राउझरने विचारले असता त्याने स्वतःच सांगावे, मी निर्धोक आहे. दोन्ही रीतींत शेरा देणारा एकच, घटकाचा कर्ता. त्यावर कोणाची तपासणी नाही, कोणाची प्रतिस्वाक्षरी नाही. मायक्रोसॉफ्टच्या सूचनांचा आशय मात्र अतिशय कडक होता. कोणत्याही पानातील कोणत्याही स्क्रिप्टने, कोणत्याही क्रमाने, कोणतीही माहिती पुरवून घटकास राबवले तरी अपाय होणार नाही, अशी खात्री असेल तरच शेरा द्यावा. ‘कोणत्याही’ हा शब्द येथे तीनदा येतो. आपल्या कृतीविषयी अशी सार्वत्रिक प्रतिज्ञा करण्यास तर्कशास्त्राचा अभ्यासकही कचरेल. ती कामाच्या गर्दीत, मुदतीच्या आत, एका ओळीने केली जात होती. शिवाय शेरा दिला नाही तर घटक पानात चालताना ब्राउझर इशारा देई वा त्यास अडवी, आणि गिऱ्हाईक तक्रार करी. म्हणजे शेरा देण्याचे कारण रोजचे होते, न देण्याचे कारण दूरचे.

न्यायशास्त्रात आप्ताचे वचन प्रमाण मानले आहे, आणि आप्त कोण ह्याचीही चिकित्सा केली आहे. वस्तू जशी आहे तशी जो जाणतो, आणि जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ह्या दोन अटींपैकी दुसरीविषयी घटकांच्या कर्त्यांवर आरोप करता येत नाही. ते खोटे बोलत नव्हते. उणीव पहिल्या अटीत होती. आपली वस्तू परक्याच्या हाती काय काय करू शकेल, हे त्यांस ठाऊक नव्हते. सहीच्या वादात साऱ्यांचे लक्ष लबाडांवर होते. अपाय झाला तो बव्हंशी प्रामाणिकांच्या अज्ञानातून.

१९९९ चा ऑगस्ट महिना ह्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने दोन घटकांविषयी एक सूचनापत्र काढले. पहिला स्क्रिप्टलेट-टाइपलिब, त्याचा दोष बल्गेरियातील संशोधक गिओर्गी गुनिन्स्की ह्यांनी दाखवला होता. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला हा घटक संगणकावर फाइल निर्माण करी. फाइल निर्माण करणे हेच त्याचे काम, आणि तरी त्यावर निर्धोकपणाचा शेरा होता. दुसरा आयडॉग, यंत्राची तपासणी करणाऱ्या साधनांपैकी. तो रजिस्ट्रीतील माहिती विचारणाऱ्यास सांगे, व त्यात स्मृतीच्या मर्यादेबाहेर लिहिले जाण्याचा दोषही होता. दोन्ही घटक खुद्द मायक्रोसॉफ्टचे. शेऱ्याचे नियम जिने ठरवले तिच्याच घरात शेरा चुकला होता. पहिल्याचा शेरा काढून घेण्यात आला, दुसऱ्यास ब्राउझरमध्ये येण्यासच बंदी झाली.

तथापि सूचनापत्र निघाले म्हणजे घरोघरचे संगणक दुरुस्त झाले असे नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘बबलबॉय’ नावाचा किडा उघडकीस आला. तोपर्यंत जाणकार सांगत असत की, पत्रास जोडलेली फाइल उघडू नका म्हणजे झाले. नुसते पत्र वाचल्याने काही होत नाही. आउटलुकमधील पत्रे इंटरनेट एक्सप्लोररच्याच यंत्रणेने दाखवली जात असल्यामुळे पत्रातील स्क्रिप्टला स्क्रिप्टलेट-टाइपलिबचा क्रमांक उच्चारता येई, आणि मग पत्र वाचणे एवढेच पुरे होई. बबलबॉय फारसा पसरला नाही. थोड्याच दिवसांनी आलेला ‘काक’ मात्र पसरला व २००० साली पुष्कळ काळ आढळत राहिला. तो विंडोज सुरू होताना चालणाऱ्या आज्ञावलींच्या फोल्डरात आपली फाइल टाकी, आणि आउटलुक एक्सप्रेसमध्ये पत्राखाली आपोआप उमटणाऱ्या सहीच्या जागी स्वतःस बसवी. त्या माणसाने पुढे लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली सही म्हणून किडाच जाई. सहीच्या भरवशावर उभारलेल्या व्यवस्थेत हा योगायोग बोलका वाटतो.

मे २००० मध्ये उजेडात आलेले ऑफिस २००० मधील उदाहरण भाषेच्या अभ्यासकास विशेष विचारार्ह आहे. ऑफिसच्या मदतीच्या पानांवर ‘मला दाखवा’ अशा अर्थाची एक सोय होती. ती निवडली की एक घटक पुढे होऊन, माणसाने करावे तसे, ऑफिसचे मेनू उघडून व बटणे दाबून दाखवी. शिकवण्यासाठी केलेली ही वस्तू. तिच्यावर निर्धोक असा शेरा होता. परंतु जो घटक माणसाच्या वतीने कोणतेही बटण दाबू शकतो, तो संरक्षणाची पातळी खाली आणणारे बटणही दाबू शकतो. अ‍ॅटस्टेक व एल-झिरो-पीएचटी मंडळातील संशोधकांनी हे दाखवले, आणि परक्या पानातून वर्डमधील मॅक्रोंचा पहारा उठवणे शक्य असल्याचे सिद्ध झाले. त्या पानातील स्क्रिप्ट जणू ‘मला दाखवा’ असेच म्हणत होती. ‘मला’ म्हणणारा कोण, एवढेच बदलले होते. उत्तमपुरुषी सर्वनामाचा अर्थ बोलणाऱ्यावर ठरतो, हा व्याकरणाचा पहिला धडा ह्या घटकाच्या कर्त्यांना कोणी दिला नव्हता.

त्याच वर्षी २२ व २३ ऑगस्ट रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट केंद्राने पिट्सबर्ग येथे ॲक्टिव्हएक्सच्या सुरक्षेवर खास परिषद भरवली व तिचा अहवाल डिसेंबरात प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या एका तंत्रासाठी अशी स्वतंत्र परिषद भरावी, ह्यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

शेऱ्याची ही स्थिती असता सहीचीही फजिती झाली. २९ व ३० जानेवारी २००१ रोजी व्हेरिसाइनने मायक्रोसॉफ्टचा नोकर असल्याची बतावणी करणाऱ्या कोणा माणसास दोन प्रमाणपत्रे दिली. त्यांवर नाव होते ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’. चूक ध्यानात येताच ती रद्द झाली. परंतु रद्द प्रमाणपत्रांची यादी कोठे पाहावी, ह्याचा पत्ताच त्या प्रमाणपत्रांत नसल्यामुळे ब्राउझरला रद्दपणा कळण्यास मार्ग नव्हता. अखेर मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टला ह्या दोन प्रमाणपत्रांपुरती वेगळी दुरुस्ती काढावी लागली.

सहीत आणखी एक खोच होती, आणि ती कोणाच्या लबाडीवर अवलंबून नव्हती. सदोष घटक दुरुस्त करून नवी आवृत्ती काढली तरी जुन्या आवृत्तीवरील सही खरीच राहते. दुष्ट हेतूच्या माणसाने ती जुनी प्रत आपल्या पानावर ठेवावी, ब्राउझरने खऱ्या कंपनीचे खरे नाव दाखवावे, आणि वापरणाऱ्याने दोष पुन्हा घरात घ्यावा, असे सहज घडू शके. ज्यांनी ‘ह्या कंपनीवर नेहमी विश्वास ठेवा’ अशी खूण केली असेल त्यांस तर विचारलेही जात नसे. नोव्हेंबर २००२ मध्ये माहितीसाठ्यांशी संबंधित एका घटकात दोष सापडला तेव्हा ही अडचण उघडी पडली. त्या घटकास सरसकट बंदी करावी तर त्यावर विसंबलेली पाने बंद पडणार. म्हणून मायक्रोसॉफ्टने वापरणाऱ्यांस असा सल्ला दिला की, विश्वासू प्रकाशकांच्या यादीतून मायक्रोसॉफ्टचेच नाव काढून टाकावे. स्वतःच्या सहीवर विसंबू नका, असे सही करणाऱ्यानेच सांगण्याचा हा प्रसंग संगणकाच्या इतिहासात विरळा म्हटला पाहिजे.

बंदीच्या साधनास ‘किल बिट’ म्हणत. रजिस्ट्रीत घटकाच्या क्रमांकापुढे एक ठरावीक आकडा लिहिला की इंटरनेट एक्सप्लोरर त्या घटकास कधीही बोलावीत नसे, मग सही खरी असो, शेरा असो वा नसो. वस्तुतः ही बहिष्कृतांची यादी होय. प्रथम सर्वांस प्रवेश द्यावयाचा आणि उपद्रव दिसला की एकेकाचे नाव यादीत घालावयाचे, ही रीत उपद्रव आधी होऊ देते. यादी वर्षानुवर्षे वाढत गेली. इतर कंपन्यांच्या विनंतीवरून त्यांचेही सदोष घटक मायक्रोसॉफ्टच्या मासिक दुरुस्त्यांतून यादीत पडू लागले.

२००५ साली ह्या व्यवस्थेचा एक खोल दोष दिसून आला. जुलैत जावाप्रॉक्सी आणि ऑगस्टात एमएसडीडीएस ह्या नावांच्या दोन घटकांविषयी इशारे निघाले. हे ब्राउझरचे घटक नव्हतेच. इतर कामांसाठी केलेले ते कॉम घटक होते, आणि त्यांच्या कर्त्यांनी ब्राउझरचा विचारही केला नव्हता. तरी पानात त्यांचा क्रमांक लिहिला की ब्राउझर त्यांस स्मृतीत आणी, आणि आणताक्षणीच स्मृती बिघडे. घटकास त्याच्या स्वभावाविषयी विचारावयाचे तर प्रथम त्यास जागे करावे लागे. ह्यांना जागे करणे हाच अपाय होता.

त्याच वर्षीच्या सोनी बीएमजी प्रकरणाचा शेवटचा अंक कमी प्रसिद्ध आहे. ध्वनितबकड्यांवरून लोकांच्या संगणकांत गुपचूप शिरणारी एक्ससीपी नावाची आज्ञावली ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच ह्यांनी उघडकीस आणली. ओरड झाल्यावर ती काढून टाकण्याची सोय कंपनीने जाळ्यावर दिली. ती सोय वापरण्यासाठी प्रथम एक ॲक्टिव्हएक्स घटक घ्यावा लागे. फिनलंडमधील एका संशोधकाने मिळवलेल्या धाग्यावरून प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन व ॲलेक्स हाल्डरमन ह्यांनी नोव्हेंबरात दाखवले की, तो घटक काम झाल्यावरही संगणकावर राहतो, त्यावर निर्धोकपणाचा शेरा आहे, आणि कोणतेही पान त्यास ‘अमुक ठिकाणची आज्ञावली आणून चालव’ असे सांगू शकते. रोगापेक्षा औषध भारी, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

२००६ साली शोधाची रीत बदलली. तोवर जाणकार माणूस एखादा घटक घेऊन त्यावर विचार करीत बसे. आता कॉमरेडर व ॲक्समॅन अशी साधने निघाली. ती संगणकावरील प्रत्येक घटकास हाक मारीत, त्याच्या प्रत्येक कामास वेडीवाकडी माहिती पुरवीत, व कोण कोलमडतो हे टिपून ठेवीत. ॲक्समॅनचे कर्ते एच. डी. मूर ह्यांनी त्या जुलैत रोज एक ह्याप्रमाणे ब्राउझरांचे दोष प्रसिद्ध केले. ऑक्टोबरात आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीत धोरण उलटे झाले. आधी बसवलेला घटकही पानाने प्रथम बोलावला की वापरणाऱ्याची अनुमती विचारली जाऊ लागली. घराच्या दारावर हा प्रश्न यावयास दहा वर्षे लागली.

जुलै २००९ मध्ये विंडोजमधील चित्रफितींच्या एका घटकावर प्रत्यक्ष हल्ले होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने तपासले तेव्हा त्या घटकाचा ब्राउझरमध्ये हेतुपुरस्सर असा काहीच उपयोग नाही, असे आढळले. त्याच्याशी निगडित ४५ क्रमांक एकाच वेळी बहिष्कृतांच्या यादीत घालण्यात आले. दोषाचे मूळ शोधता ते एका अक्षरात निघाले. स्मृतीतील एका जागेचा निर्देश करताना ‘अँपरसँड’ हे चिन्ह एकदा जास्त पडले होते. त्या चिन्हामुळे ‘ह्या पत्त्यावरील जागा’ ह्याऐवजी ‘हा पत्ता जेथे लिहिला आहे ती जागा’ असा अर्थ झाला, आणि बाहेरून आलेली माहिती भलत्याच ठिकाणी लिहिली गेली. एखाद्या अनुस्वाराने एकवचनाचे अनेकवचन व्हावे तसाच हा प्रकार. फक्त येथे वाचणारे यंत्र असल्यामुळे संदर्भावरून सावरून घेणारे कोणी नव्हते.

मामला एवढ्यावर थांबला नाही. घटक रचण्यासाठी मायक्रोसॉफ्टने इतरांस पुरवलेल्या एटीएल ह्या सामग्रीतच दोष आहेत, आणि त्यांतील एकामुळे बहिष्कृत घटकासही दुसऱ्या घटकाच्या आडून आत येता येते, असे दिसून आले. म्हणजे चुकलेल्या कित्त्यावरून ज्यांनी ज्यांनी गिरवले, त्या सर्वांच्या वहीत तीच चूक. २८ जुलै रोजी नेहमीची तारीख सोडून तातडीची दुरुस्ती निघाली. ॲडोबी व सिस्को ह्यांनाही आपापले घटक पुन्हा घडवावे लागले. हे दोष शोधणारे मार्क डाउड, रायन स्मिथ व डेव्हिड ड्यूई ह्यांनी त्याच सुमारास लास व्हेगास येथील ब्लॅक हॅट परिषदेत आपले काम मांडले. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकाचा अर्थ ‘विश्वासाची भाषा’ असा होतो. तंत्रज्ञांनी योजलेले हे शीर्षक कोणाही भाषाशास्त्रज्ञास आपलेसे वाटावे.

ह्या घटकांचा संबंध भारतीय भाषांशीही थोडासा आला होता. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळे आपली अक्षरे पानाबरोबरच पाठवीत, आणि बिटस्ट्रीम कंपनीच्या पद्धतीची अक्षरे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उमटवण्यासाठी एक ॲक्टिव्हएक्स घटक लागे. मातृभाषेतील मजकूर वाचावयाचा तर आधी ‘होय’ म्हणावे लागे. अक्षरे दिसावीत म्हणून दाबलेल्या त्या होकारात विश्वासाचा विचार किती असेल, हे सांगावयास नको.

एका राष्ट्राच्या प्रमाणावर हीच गोष्ट दक्षिण कोरियात घडली. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे परदेशी मिळणाऱ्या ब्राउझरांतील गुप्तलेखन त्या काळी ४० बिटांचे, म्हणजे दुबळे होते. कोरियाने १९९८ साली सीड नावाची १२८ बिटांची स्वतःची पद्धत रचली आणि १९९९ साली संगणकीय सह्यांचा कायदा केला. परंतु ती पद्धत ब्राउझरला येत नव्हती. म्हणून ती ॲक्टिव्हएक्स घटकातून पुरवली गेली. बँक, कर, खरेदी, सरकारी दाखले ह्यांपैकी कोठेही गेले की प्रथम घटक घ्यावयाचा, ही सवय साऱ्या देशास लागली. निर्यातबंधने लौकरच सैल झाली, सवय राहिली. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा जुने घटक तिच्यावर नीट चालेनात व बँकांची तारांबळ उडाली. मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे ह्यांनी एका बैठकीत सांगितले की, एका लोकप्रिय मालिकेतील नायिकेचा कोट परदेशी प्रेक्षकांस हवा आहे, पण ह्या घटकांच्या अडथळ्यामुळे तो त्यांस विकत घेता येत नाही. सुरक्षेच्या इशाऱ्यांनी जे साधले नव्हते ते ह्या कोटाने साधू लागले. सरकारमान्य प्रमाणपत्रांची सक्तीची व्यवस्था मात्र डिसेंबर २०२० मध्ये संपली. परकी कुलपे दुबळी म्हणून स्वतःचे कुलूप करावयास निघालेल्या देशाने प्रत्येक पानापुढे ‘होय’ म्हणण्याची दीक्षा आपल्या नागरिकांस वीस वर्षे दिली, हे त्या कुलपाच्या बळकटीपेक्षा महत्त्वाचे ठरले.

२०१५ साली आलेल्या एज ह्या नव्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्सला जागा दिली नाही. इंटरनेट एक्सप्लोररची शेवटची आवृत्ती १५ जून २०२२ रोजी सेवेतून निवृत्त झाली. ऑफिसच्या २०२४ च्या आवृत्तीत हे घटक मुळातच बंद ठेवलेले असतात. तथापि जुन्या पानांवर ज्यांचे कामकाज अडलेले आहे अशा संस्थांसाठी एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोररची एक वेगळी रीत राखून ठेवली आहे, आणि ती निदान २०२९ पर्यंत चालेल असे कंपनीने सांगितले आहे. त्या रीतीत उघडलेल्या पानावर ब्राउझर अजूनही रजिस्ट्रीतील तीच नोंद वाचतो, आणि घटकाच्या कर्त्याने पूर्वी कधी दिलेल्या शेऱ्यावरून त्यास आत घ्यावयाचे की नाही ते ठरवतो.